दोन लहान की एक मोठी?

मुलांनो, आज आधी एक सोपा प्रश्न. आई तुमचा डबा भरते आहे. ओट्यावर एक मोठा डबा आहे आणि दोन लहान डबे आहेत. दोन लहान डब्यांत मिळून जेवढं मावतं, तेवढंच त्या एका मोठ्या डब्यात मावतं. आई कोणता डबा देईल?

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मोठाच!" मागच्या बाकावरून कोणीतरी पुस्ती जोडली, "आणि वर एक पोळी कागदात गुंडाळून!"

आयांचं असंच असतं. पण हा प्रश्न मला डब्यामुळे सुचला नाही. तो सुचला टाकीमुळे. पाण्याखाली पोहताना हवा भरून नेतात ना, त्या टाकीमुळे.

झालं असं. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी एक ताई उभ्या होत्या. ओळखीच्या वाटल्या. माझ्या अगदी पहिल्या तुकडीतल्या एका मुलाची आई! तो मुलगा तेव्हा वर्गात सगळ्यांत बुटका, म्हणून पहिल्या बाकावर बसायचा. आता बावीस वर्षांचा झालाय. चाकणला एका कारखान्यात मशीनवर काम करतो. उंची मात्र पाच फूट एक इंचावर थांबली आणि वजन पन्नास किलोच्या वर गेलं नाही.

"बाई, तुमचं ऐकतो तो," ताई म्हणाल्या. "त्याला म्हणावं, घ्यायचीच असेल तर मोठी टाकी घे. लहान घेतो म्हणतोय. पाण्याखाली हवा संपली म्हणजे?"

मला काहीच कळेना. मी म्हटलं, "ताई, रविवारी त्यालाच पाठवा घरी."

तो आला. हातात एक वही, त्यात आकडे. मग सगळा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या मित्रांबरोबर तो मालवणला गेला होता. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा केलं. तुमच्यापैकी काहीजणांच्या घरच्यांनीही केलं असेल. पाठीवर एक टाकी, तोंडात रबरी नळी, आणि शिकवणारा दादा सारखा हात धरून. वीस-पंचवीस मिनिटं मासे पाहायचे की झालं. पण याला त्याचं वेडच लागलं. पैसे साठवून त्याने रीतसर शिक्षण घेतलं. मध्यंतरी कामावर वजन उचलताना त्याच्या कमरेत भरलं. डॉक्टरांनी पाठीवर ओझं घ्यायला मनाई केली. आता काय करायचं? तेव्हा त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, "पाठीवर टाकी घेऊच नकोस. साइडमाउंट शिक."

साइडमाउंट म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही कावड पाहिली आहे? खांद्यावर आडवी काठी आणि दोन्हीकडे एकेक घागर. किंवा पहाटे मोशी-आळंदीकडून येणारे दूधवाले पाहा. मोटारसायकलला डावीकडे एक कॅन आणि उजवीकडे एक. साइडमाउंटमध्ये माणसाचीच कावड होते. पाठ मोकळी. दोन टाक्या दोन्ही कुशींना, काखेपासून मांडीपर्यंत. टाकीचं तोंड काखेत, रबरी दोरीने धरलेलं. खालचा भाग कमरेच्या पट्ट्याला कडीने अडकवलेला. टाक्या काठावर अंगावर चढवायच्याच असं नाही. पाण्यात उतरून एकेक करून अडकवता येतात. पाण्यात त्यांचा भार जाणवत नाही, त्यामुळे कमरेला त्रास नाही.

पण किती मोठ्या टाक्या घ्यायच्या? तिथेच घरात वाद पेटला होता. वहीत दोन नावं होती. एक होती ॲल्युमिनियमची 'ऐंशी'ची टाकी. दुसरी पोलादाची 'बारा'ची. हा पठ्ठ्या मला म्हणतो, "बाई, ऐंशी केवढी मोठी! म्हणून मी बारा घेतो म्हणालो, तर आई ऐकत नाही."

मी कपाळावर हात मारला. अरे, एकक कुठे आहे? चौथीत असताना एकक लिहिलं नाही म्हणून तुझा अर्धा गुण मी कापला होता, तो फुकट गेला म्हणायचा! बारा म्हणजे बारा लिटर. त्या टाकीत पाणी भरलं तर बारा लिटर मावेल. आणि ऐंशी म्हणजे ऐंशी घनफूट. टाकीत दाबून भरलेली हवा बाहेर मोकळी सोडली, तर ती साधारण ऐंशी घनफूट जागा व्यापेल. अमेरिकेची मोजण्याची ही रीत. त्याच ऐंशीच्या टाकीत पाणी भरलं तर मावतं फक्त ११.१ लिटर. म्हणजे बाराची टाकी ऐंशीच्या टाकीपेक्षा मोठी! आई मोठी घे म्हणत होती आणि मुलगा लहान समजून मोठीच घ्यायला निघाला होता. दोघेही भांडत होते ते एकाच टाकीसाठी.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. त्याची दुसरी पाळी होती. त्याला म्हटलं, "वर्गात ये. आपण सगळे मिळून सोडवू." मुलांनो, तुम्हीही आता वही-पेन्सिल घ्या.

आधी दाब समजून घेऊ. मोटारीच्या चाकात हवा असते तिचा दाब साधारण दोन बार. रस्त्यावर सीएनजीची रिक्षा दिसते, तिच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर असतो २०० बार. पाण्याखाली नेण्याच्या टाकीतही साधारण तेवढाच! म्हणून या टाक्या इतक्या जाड आणि जड. रिक्षाच्या सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. त्यात पाणी भरून दाब देतात. टाकीला चिरा गेली असेल तर पाण्याने नुसती गळते. हवेने मात्र तिचा बॉम्बच होईल. अशा सिलिंडरांचे नियम पाहणारं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला आहे.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीची गोष्ट वेगळी. तिच्यात दाबाने द्रव झालेला गॅस असतो, म्हणून तो वजनावर विकतात, १४.२ किलो. गंमत पाहा, ऐंशीची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असताना जवळजवळ तेवढ्याच वजनाची भरते. आणि आणखी एक. वर्तमानपत्रांत पुष्कळदा 'ऑक्सिजनची टाकी' असं छापून येतं. ते बरोबर नाही. त्या टाकीत तुमच्या-आमच्या भोवतालची साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून दाबलेली. सहा-सात मीटरपेक्षा खोल नुसता ऑक्सिजन घेतला तर तो विषासारखा बाधतो.

आता गणित. ११.१ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली, तर ती बाहेर किती लिटर होईल? गुणा. ११.१ गुणिले २०० म्हणजे २२२० लिटर. घरी पाण्याचे २० लिटरचे जार येतात ना? तसे १११ जार हवा! आणि हवेला वजन असतं बरं का. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे टाकीतली हवाच सुमारे पावणेतीन किलोची झाली. आमच्या वर्गाला हे पटेचना. "हवेला कसलं वजन?" म्हणून एकाने दोन वेळा गुणाकार करून पाहिला.

शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. कोणी १५, कोणी २५. घाबरलेला माणूस त्याहून पुष्कळ जास्त. पण हे झालं पाण्याच्या वर. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एक बारने वाढतो. वर हवेचा एक बार असतोच. म्हणजे १० मीटरवर दोन बार. तिथे प्रत्येक श्वासात दुप्पट हवा दाबून भरावी लागते. मिनिटाला ४० लिटर. २० मीटरवर तिप्पट, ६० लिटर.

फळ्यावर आम्ही तीन जोड्या मांडल्या. टाकी पूर्ण रिकामी कधीच करायची नसते. ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचं, असा नेहमीचा नियम आहे. म्हणून २०० मधून ५० वजा, वापरायला उरले १५०.

पाठीवरची एकच ११.१ लिटरची टाकी: १५० गुणिले ११.१, म्हणजे १६६५ लिटर. भागिले ४०. एक्केचाळीस मिनिटं.

मग 'चाळीस'ची टाकी. ती ॲल्युमिनियमचीच, पण ५.७ लिटरची. अशा दोन घेतल्या तर ११.४ लिटर. १७१० लिटर हवा, बेचाळीस मिनिटं.

आणि पोलादाच्या बारा लिटरच्या दोन. त्यांत दाबही जास्त भरता येतो, २३२ बार. ५० वजा केले तर १८२ गुणिले २४. हे मात्र आडवं मांडायला सांगितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली. उत्तर ४३६८ लिटर. भागिले ४०, एकशे नऊ मिनिटं.

"बाई, तिसरीच घ्यायची!" वर्ग ओरडला. ताईही मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हणत नव्हते?' असं स्पष्ट लिहिलेलं.

मी त्याला विचारलं, "तू एका वेळी किती मिनिटं पाण्याखाली असतोस?"

"चाळीस-पंचेचाळीस, बाई. सगळ्यांना एकदमच वर आणतात. थंडीही वाजायला लागते."

म्हणजे उरलेली तासाभराची हवा नुसती खाली न्यायची आणि वर आणायची. आणि तिचं ओझं? पोलादाची बारा लिटरची एक टाकी भरल्यावर सतरा-अठरा किलोच्या घरात जाते. दोन म्हणजे पस्तीस किलो. मुलगा पन्नास किलोचा, त्यात कमरेचं दुखणं. चाळीसच्या दोन टाक्या भरून सतरा-अठरा किलोच्या. म्हणजे पोलादाच्या एकीएवढ्याच दोन!

"पण पाण्यात वजन लागत नाही ना?" एका मुलीने बरोबर विचारलं.

लागतं आणि नाहीही लागत. इथे आर्किमिडीज आजोबा आठवा. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या वजनाने ती वर उचलली जाते. पोलाद मजबूत असतं, म्हणून टाकीची भिंत पातळ चालते. टाकी आटोपशीर पण जड. ती पाणी कमी सारते. भरलेल्या दोन पोलादी टाक्या पाण्यातही सात-आठ किलोने खाली ओढतात. इंग्लंडसारख्या थंड पाण्यात जाड, फुगीर पोशाख घालावा लागतो आणि तो वर तरंगवतो. तिथे हे ओझं उपयोगी पडतं, शिशाची वजनं कमी लागतात. आपल्या मालवणच्या नाहीतर गोव्याच्या कोमट पाण्यात पातळ पोशाख असतो. तिथे हा मुलगा पोलादाच्या जोडीने दगडासारखा तळाला गेला असता. मग वर राहण्यासाठी अंगावरच्या जाकिटात सारखी हवा भरत बसायची. म्हणजे जास्त हवा नेली कशासाठी, तर ती ओझं पेलायला खर्च करायला!

ॲल्युमिनियमचा स्वभाव उलटा. भिंत जाड, टाकी फुगीर. ऐंशीची टाकी भरलेली असताना थोडीशीच बुडते. पण हवा संपत आली की दोन किलोच्या ओढीने तरंगायला लागते. कुशीला अडकवलेल्या टाकीचा खालचा भाग पाण्यात हळूहळू वर उचलला जातो, शेपूट वर केल्यासारखा. तेव्हा मग पोहता पोहताच कडी काढून पट्ट्यावर पुढे अडकवायची. हे शिकावं लागतं.

आता राहिली लांबी. आणि खरी धमाल इथे झाली. ऐंशीची टाकी सुमारे ६६ सेंटीमीटर लांब आणि साडेअठरा सेंटीमीटर जाड. चाळीसची लांबीला तीन-एक सेंटीमीटरच कमी, पण जाडी फक्त तेरा. मध्ये एक 'त्रेसष्ट'ची येते, नऊ लिटरची. ती ऐंशीएवढीच जाड, पण लांबी ५६. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या तिन्ही मापांच्या पुंगळ्या केल्या. चिकटपट्टी माझी, कात्री शाळेची. त्याने स्वतःच पट्टीने तपासून एक पुंगळी नापास केली. कारखान्यात सवय लागलेली! मग दोन बाक जोडले आणि या बावीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्याला त्यांवर पालथं झोपवलं. कुशीला पुंगळ्या लावल्या.

"आता पाय मार!"

ऐंशीची पुंगळी दर वेळी मांडीवर आपटायला लागली. सगळा वर्ग हसून हसून लोळला. त्रेसष्टची नीट बसली, पण तिचा हातांना अडथळा होत होता. चाळीसची मांडीला जरा लागत होती, पण बारीक असल्यामुळे कुशीत लपून गेली. नंतर अर्थातच प्रत्येकाला बाकावर झोपून पाय मारायचे होते. काखेपासून कमरेपर्यंत आमच्या वर्गात कोणाचंच अंतर ४० सेंटीमीटरच्या वर भरलं नाही. तुम्हीही घरी मोजून पाहा. लहान मुलांना साइडमाउंट का शिकवत नाहीत, ते आपोआप कळेल. पाठीवर टाकी घेऊन शिकायला दहाव्या वर्षापासून घेतात. साइडमाउंटला मात्र जगभर शिकवणारी एक मोठी संस्था पंधरा वर्षं पूर्ण असल्याशिवाय घेत नाही.

एवढं झालं तरी ताईंचं समाधान झालं नव्हतं. त्या उठून म्हणाल्या, "बाई, दोन लहान मिळून एका मोठीएवढीच हवा ना? मग दोन कशाला? एकच न्यावी."

हा सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि तो आईनेच विचारला.

टाकीच्या तोंडावर रेग्युलेटर असतो, आपल्या गॅसला असतो तसा, पण जास्त गुंतागुंतीचा. तो बिघडला, नळी फाटली, हवा भसाभसा बाहेर पडायला लागली, तर एक टाकीवाल्याची सगळी भिस्त जोडीदारावर. जोडीदार जवळ नसला तर? दोन टाक्यांना दोन रेग्युलेटर, दोन नळ्या, दाब दाखवणारी दोन घड्याळं. एक बिघडली की तिची चावी बंद करायची आणि दुसरी तोंडात धरायची. टाकी काखेत असल्यामुळे चावी डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पाठीमागे चाचपडावं लागत नाही.

पण यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. दोन्ही टाक्या सारख्या मापाच्या हव्यात, आणि त्या सारख्याच रिकाम्या व्हायला हव्यात. म्हणून थोडा वेळ डावीकडून श्वास, ३० बार संपले की उजवीकडून, पुन्हा डावीकडून. कावडीची एक घागर भरलेली आणि एक रिकामी झाली तर काय होतं? माणूस कलंडतो. शिवाय भरलेलीच टाकी नेमकी बिघडली तर रिकामीवर परत कसं येणार? कोणत्याही क्षणी कोणतीही एक टाकी बंद पडली, तरी उरलेल्या एकीवर घरी येता आलं पाहिजे. टाकीचं माप ठरवताना हा हिशेब आधी करायचा आणि मिनिटं नंतर मोजायची.

वर्गात आता शांतता होती. एकाने हळूच विचारलं, "बाई, पण हे शोधलं कोणी?"

गुहांमध्ये शिरणाऱ्या लोकांनी. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीखाली पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं, की पाठीवर टाकी घेऊन जाताच येत नाही. तुम्ही पालथे झोपलात आणि पाठीवर साडेअठरा सेंटीमीटर जाडीची टाकी ठेवली तर उंची जवळजवळ दुप्पट होते. तीच टाकी कुशीला नेली तर छताला फक्त पाठ लागते. फारच अरुंद जागा आली तर टाकी सोडवून हाताने पुढे ढकलत नेता येते. गुहेत संकट आलं तर सरळ वर येता येत नाही, वर दगड असतो. म्हणून गुहेतले लोक हवेचे तीन वाटे करतात. २१० बार असतील तर ७० आत जायला, ७० परत यायला आणि ७० राखून, आपल्या नाहीतर जोडीदाराच्या संकटासाठी. पहिला वाटा संपला की समोर काहीही दिसत असो, मागे फिरायचं.

थायलंडची गोष्ट तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी थाम लुआंग नावाच्या गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. मुलं अकरा ते सोळा वर्षांची. बाहेर पाऊस कोसळायला लागला, गुहेत पाणी चढलं. नऊ दिवस ती जिवंत आहेत की नाहीत हेच कळेना. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन वोलान्थन हे दोन ब्रिटिश गुहा-पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. कुशीला टाक्या बांधूनच.

पाणी उपसायच्या कामी थायलंडने मदत मागितली, तेव्हा आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे आणि पुण्याचे तंत्रज्ञ तिथे गेले होते. किर्लोस्कर ब्रदर्स या पंप करणाऱ्या कंपनीने त्यांना पाठवलं. पाणी थोडंसं उतरलं, तरी छत आणि पाणी यांच्यात श्वास घ्यायला जागा होते, आणि पाण्याखालून जायचं अंतर तेवढं कमी होतं. टाकी वाढवण्यापेक्षा वाटच कमी केली, असं म्हणा ना!

तरी मैलोगणती वाट उरलीच. एवढ्या वाटेला पुरेल अशी एकच मोठी टाकी अरुंद बोळांतून जाईना. म्हणून वाटेवर ठिकठिकाणी भरलेल्या टाक्या नेऊन ठेवल्या. ते काम करताना समान कुनान हे थायलंडच्या नौदलातले माजी जवान ६ जुलैच्या पहाटे, टाक्या ठेवून परत येताना पाण्यातच बेशुद्ध पडले आणि वारले. ते स्वतःहून मदतीला आले होते.

८, ९ आणि १० जुलै, तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. मुलांना भूल दिली होती, पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावला होता आणि छातीपाशी एक टाकी बांधली होती. एकेका मुलाला एकेक पाणबुड्याने सामानासारखं धरून आणलं.

हे सांगून झाल्यावर वर्गात कोणी काही बोललं नाही. ताईंनी फक्त विचारलं, "त्या कुनानना मुलंबाळं होती का?" मी म्हटलं, "पत्नी होत्या." त्यांनी मान हलवली.

आपल्या मुलाचं काय झालं ते राहिलंच. त्याने टाकी विकत घेतलीच नाही! भरलेली टाकी विमानातून नेता येत नाही, रिकामी घेऊन हिंडणं म्हणजे डोक्याला ताप, आणि नेहमीची तपासणी आलीच. बहुतेक लोक जिथे जातात तिथल्याच टाक्या भाड्याने घेतात. हे प्रशिक्षकांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. एवढा वाद कशासाठी केला, असं झालं. तरी मला वाटतं, वाद फुकट गेला नाही. भाड्याच्या टाक्यांतूनही निवडाव्या लागतातच.

जानेवारीत तो गोव्याला गेला. आधी तलावात तिन्ही जोड्या लावून पाहिल्या. आमच्या पुंगळीने थोडी लबाडी केली होती म्हणे. पाण्यात टाकीवरचा पट्टा खाली सरकवला की टाकी काखेतून चार बोटं पुढे जाते, आणि ऐंशीचीही तितकीशी मांडीला लागत नाही. पण वाळूतून उचलून पाण्यापर्यंत न्यायची म्हटलं की कंबर आठवायची. त्याने दहा मीटरसाठी चाळीसच्या दोन घेतल्या. पुढे खोल जाईन तेव्हा ऐंशीच्या घेईन आणि मदतनिसाला पाण्यात हातात द्यायला सांगेन, असं त्याने ठरवलंय. खोलीबरोबर हवा किती लागते, ते गणित आता त्याला तोंडपाठ आहे.

पालकांनो, मालवणला मुलांना घेऊन जाल तेव्हा पोहण्याआधी टाकीवरचं घड्याळ दाखवा म्हणून जरूर सांगा. काटा कुठे आहे आणि किती उरला की वर आणता, एवढं विचारायला लाजू नका. चांगला शिकवणारा आनंदाने दाखवतो.

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला, आईला बरोबर घेऊन. समुद्रात चाळीस मिनिटं होता. मासे, प्रवाळ, एक कासव, सगळं सांगून झालं. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते असू दे. वर आलास तेव्हा किती उरली होती?"

"डावीत सत्तर, उजवीत पासष्ट."

"बार?"

"बार."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे एक बंद पडली असती तरी..." आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर त्यांनी तिळगुळाचा डबा उघडला. लहानच होता, पण बरोबर दुसराही आणला होता.